वाचकांचे प्रश्न : प्रत्यारोपणानंतर लस कितपत लागू पडते?

अवयव प्रत्यारोपण झालेल्या रुग्णांची आणि त्यांच्या घरच्यांची लसीकरणाविषयीची पत्रे या सदराकडे सतत येत असतात, आणि त्यांतील बहुतेक पत्रांमागे एकच शंका असते: प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या गोळ्या आयुष्यभर घ्यायच्या असतील, तर लस घेऊन उपयोग काय? या वेळचे सदर त्यामुळे याच विषयाला दिले आहे. पत्रे संक्षिप्त केली आहेत आणि नावे दिलेली नाहीत. उत्तरे सर्वसाधारण स्वरूपाची आहेत. प्रत्येक रुग्णाची औषधे, प्रत्यारोपणाला झालेला काळ आणि पूर्वीचे आजार वेगळे असल्यामुळे लस घेण्यापूर्वी आपल्या प्रत्यारोपण केंद्रातील डॉक्टरांशी एकदा बोलून घ्यावे.

प्रश्न : माझ्या पतींना 2019 मध्ये माझ्या सासूबाईंची किडनी बसवली. सकाळी नऊ आणि रात्री नऊ या वेळा सांभाळून ते टॅक्रोलिमस आणि मायकोफिनोलेट घेतात. सकाळी प्रेडनिसोलोनची छोटी गोळी असते. कोविडच्या लसीचे तीन डोस झाल्यावर आम्ही प्रतिपिंडांची तपासणी केली, तर अहवालात ‘नॉन-रिअ‍ॅक्टिव्ह’ असे आले. लसीच्या वेळी आठवडाभर मायकोफिनोलेट बंद ठेवले तर लस चांगली लागू पडते, असे रुग्णांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर वाचले. तसे करावे का? आणि लस लागूच पडत नसेल तर ती पुन्हा कशासाठी घ्यायची? (वाचक, सातारा)

उत्तर : आधी गोळीबद्दल. मायकोफिनोलेट स्वतःच्या मनाने एक दिवसही बंद करू नका. सासूबाईंची किडनी परकी आहे हे ओळखणाऱ्या पेशी आपल्या पतींच्या रक्तात आजही आहेत, आणि रोजच्या गोळ्यांनी त्यांना आवरून धरलेले आहे. रिजेक्शनची, म्हणजे शरीराने नवा अवयव नाकारण्याची, सुरुवात बहुधा काहीही न दुखता होते. लघवी कमी होणे, पायांवर सूज येणे ही लक्षणे दिसेपर्यंत क्रिएटिनिन (किडनीचे कार्य मंदावले की रक्तात वाढणारा घटक) चढलेले असते, आणि उपचाराने रिजेक्शन आटोक्यात आले तरी किडनीचे गमावलेले कार्य सगळे परत येईलच असे नाही. एका आईने दिलेली किडनी एका संदेशाच्या भरवशावर पणाला लावू नये, असे मला कळकळीने सांगायचे आहे.

तो संदेश मात्र पूर्णपणे निराधार नाही, म्हणूनच तो पटण्यासारखा वाटतो. मायकोफिनोलेट घेणाऱ्या रुग्णांमध्ये लसीचा प्रतिसाद सर्वांत कमी असतो, हे अनेक अभ्यासांत दिसले आहे, आणि गोळी थोडे दिवस थांबवून लस दिल्यावर प्रतिपिंडे वाढल्याचे काही छोट्या अभ्यासांनी सांगितले होते. पण नेदरलँड्समध्ये आधीच्या डोसांना प्रतिसाद न दिलेल्या किडनी प्रत्यारोपित रुग्णांचे गट पाडून एक रीतसर चाचणी झाली आणि तिचे निष्कर्ष 2023 मध्ये प्रसिद्ध झाले. एका गटाने लसीच्या आगेमागे मिळून दोन आठवडे मायकोफिनोलेट थांबवले, दुसऱ्याने ते चालू ठेवले. पुन्हा दिलेल्या डोसामुळे दोन्ही गटांत प्रतिपिंडे वाढली, गोळी थांबवल्याने मात्र त्यात जास्तीची भर पडली नाही. लसीचा डोस दुप्पट करूनही फरक पडला नाही. डॉक्टरांच्या देखरेखीखाली आणि वारंवार रक्ततपासणी करून घेतलेल्या चाचणीत जे साधले नाही, त्यासाठी घरच्या घरी धोका पत्करण्यात अर्थ नाही.

आता प्रतिसाद कमी का येतो ते पाहू. लस टोचल्यावर तिच्यातील विषाणूचा अंश जवळच्या लसिकाग्रंथींमध्ये पोहोचतो. तेथे टी पेशी तो ओळखतात, जाग्या होतात आणि बी पेशींना वाढण्याचा संकेत देतात. मग बी पेशी भराभर विभागतात, त्यांच्यातून प्रतिपिंडे बनवणाऱ्या पेशी तयार होतात आणि काही पेशी आठवण म्हणून मागे राहतात. टॅक्रोलिमस आणि सायक्लोस्पोरिन ही औषधे टी पेशीच्या आतील कॅल्सिन्यूरिन हे विकर अडवतात, त्यामुळे पेशींना वाढीचा संकेत देणारे इंटरल्युकिन-2 पुरेसे बनत नाही. मायकोफिनोलेट त्याहून पुढच्या टप्प्यावर काम करते. पेशी विभागण्यासाठी नवा डीएनए लागतो आणि त्यासाठी ग्वानोसिन लागते. शरीरातील बऱ्याच पेशी जुन्या सामग्रीतून ते परत मिळवू शकतात, पण टी आणि बी पेशींना ते नव्यानेच बनवावे लागते, आणि नेमका तोच मार्ग हे औषध बंद करते. म्हणजे किडनीवर हल्ला होऊ नये म्हणून जे थांबवले, त्यातच लसीचे कामही अडकते. हा लसीचा दोष नाही आणि आपल्या पतींच्या शरीराचाही नाही.

तरीही अडकणे म्हणजे पूर्ण थांबणे नव्हे, आणि हे आकड्यांवरून स्पष्ट होते. अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या संशोधकांनी 2021 मध्ये कोविडच्या एमआरएनए लसीचे दोन डोस घेतलेल्या 658 प्रत्यारोपित रुग्णांची तपासणी केली, तेव्हा 54 टक्क्यांमध्ये प्रतिपिंडे आढळली. निरोगी माणसांमध्ये हे प्रमाण जवळजवळ शंभर टक्के असते. फ्रान्समधील तुलूज येथे 101 रुग्णांना तीन डोस दिले गेले. पहिल्या डोसनंतर 4 टक्के, दुसऱ्यानंतर 40 टक्के आणि तिसऱ्यानंतर 68 टक्के रुग्णांमध्ये प्रतिपिंडे दिसली. कॅनडातील टोरांटो येथे 120 रुग्णांपैकी निम्म्यांना तिसरा डोस आणि निम्म्यांना नुसते सलाइन टोचण्यात आले. ठरवलेल्या पातळीइतकी प्रतिपिंडे पहिल्या गटात 55 टक्क्यांना, तर दुसऱ्यात 18 टक्क्यांना मिळाली. या अभ्यासांच्या बळावर अमेरिकेने ऑगस्ट 2021 मध्ये प्रत्यारोपित रुग्णांसाठी तिसऱ्या डोसला परवानगी दिली. आपल्याकडे बहुतेकांनी कोव्हिशील्ड किंवा कोव्हॅक्सिन घेतली असल्यामुळे हे आकडे जसेच्या तसे आपल्या रुग्णांना लावता येत नाहीत, पण त्यांचा रोख महत्त्वाचा आहे: एका डोसने जे होत नाही, ते पुढच्या डोसने अनेकांमध्ये होते. तुलूजमध्ये ज्या रुग्णांमध्ये दोन डोसांनंतरही काहीच दिसले नव्हते, त्यांच्यातही तिसऱ्या डोसने 44 टक्के रुग्णांनी प्रतिसाद दिला.

सगळ्या रुग्णांची स्थिती सारखी नसते. यकृत प्रत्यारोपित रुग्णांना सहसा कमी औषधे पुरतात आणि त्यांचा प्रतिसाद बरा असतो. फुप्फुस बसवलेल्यांचा सर्वांत क्षीण असतो. प्रत्यारोपणाला जितकी वर्षे होतात तितकी परिस्थिती सुधारते. वय जास्त असेल, किंवा नव्या किडनीचे कार्य मंदावले असेल, तर प्रतिसाद घटतो. बेलाटासेप्ट या प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या औषधाची इंजेक्शने चालू असलेल्यांमध्ये तो फारच कमी येतो, आणि रिटुक्सिमॅब हे औषध दिल्यानंतर बी पेशीच शिल्लक नसल्यामुळे शक्य असेल तर सहा महिने थांबून लस द्यावी लागते.

अहवालातील ‘नॉन-रिअ‍ॅक्टिव्ह’ या शब्दाने आपण खचून जाऊ नये. ही तपासणी केवळ रक्तातील प्रतिपिंडे मोजते, टी पेशी मोजत नाही. आणि प्रतिपिंडे न आढळलेल्या काही रुग्णांमध्ये विषाणूला ओळखणाऱ्या टी पेशी सापडतात. कोविडच्या बाबतीत अमुक आकड्याच्या वर माणूस सुरक्षित, असा सर्वमान्य आकडाही नाही. म्हणूनच लसीनंतर संरक्षण मिळाले की नाही हे ठरवण्यासाठी ही तपासणी वापरू नये, असे अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने मे 2021 मध्येच सांगितले होते. याचा उलटा अर्थही तितकाच खरा आहे. ज्यांच्या अहवालात मोठा आकडा येतो, त्यांनीही मास्क कपाटात ठेवून गर्दीच्या लग्नसमारंभांत बिनधास्त फिरू नये.

तेव्हा डॉक्टर जो पुढचा डोस सुचवतील, तो घ्यावा. घरातील सर्वांनी घ्यावा. आणि ताप, खोकला आला तर दोन-तीन दिवस वाट न पाहता त्याच दिवशी प्रत्यारोपण केंद्राला कळवावे, कारण लवकर सुरू केलेल्या विषाणूविरोधी औषधाचा फायदा सर्वांत जास्त असतो. येथे एक गोष्ट आवर्जून लक्षात ठेवा. पॅक्सलोविड या कोविडवरील गोळ्यांमध्ये रिटोनाविर असते आणि त्यामुळे टॅक्रोलिमसची रक्तातील पातळी धोकादायक इतकी चढू शकते. जवळच्या दवाखान्यातून ते लिहून मिळाले, तरी आपल्या किडनीतज्ज्ञांना विचारल्याशिवाय पहिली गोळीही घेऊ नये. रेमडेसिविरसारखा पर्याय उपलब्ध असतो.

प्रश्न : माझे वय 52 आहे. दीड वर्षापासून आठवड्यातून तीनदा डायलिसिस चालू आहे आणि नागपूरच्या झेडटीसीसीकडे (अवयववाटपाची विभागीय समन्वय संस्था) माझी नोंदणी झाली आहे. बोलावणे कधी येईल सांगता येत नाही. त्याआधी कोणत्या लसी घेऊन ठेवाव्यात? (वाचक, नागपूर)

उत्तर : हा प्रश्न आपण वेळेवर विचारलात. प्रत्यारोपणापूर्वी घेतलेली लस नंतर घेतलेल्या लसीपेक्षा जास्त लागू पडते, हे या विषयातील सर्वांत उपयोगी ज्ञान आहे आणि दुर्दैवाने सर्वांत जास्त दुर्लक्षही त्याकडेच होते. खरे तर किडनीचा आजार कळल्यावर, डायलिसिस लागण्यापूर्वीच हे काम सुरू व्हायला हवे, कारण डायलिसिसवरील रुग्णांची प्रतिकारशक्तीही मंदावलेली असते.

पहिला क्रम कावीळ ब या आजाराच्या लसीचा. डायलिसिसच्या रुग्णांना ती नेहमीच्या दुप्पट मात्रेत, म्हणजे 40 मायक्रोग्रॅम, आणि बहुधा चार वेळा दिली जाते: सुरुवातीला, मग पहिल्या, दुसऱ्या आणि सहाव्या महिन्यात. आपल्या डायलिसिस केंद्राने हे डोस दिले असण्याची शक्यता आहे. पण अनेकदा पहिले तीन होतात आणि सहाव्या महिन्याचा राहून जातो, म्हणून फाईल उघडून तारखा स्वतः पाहा. शेवटच्या डोसनंतर एक ते दोन महिन्यांनी अँटी-एचबीएस ही तपासणी करावी. कोविडप्रमाणे येथे संभ्रम नाही: 10 किंवा त्याहून अधिक आकडा आला तर संरक्षण मिळाले, कमी आला तर पुन्हा डोस. त्यानंतर दरवर्षी हा आकडा तपासत राहावे आणि तो 10 च्या खाली गेला तर एक बूस्टर घ्यावा.

न्यूमोनियाच्या न्यूमोकॉकस जिवाणूविरुद्ध आपल्याकडे बहुधा आधी 13 प्रकारांची संयुग्म लस आणि किमान आठ आठवड्यांनी 23 प्रकारांची लस देतात. फ्लूची लस दरवर्षी घ्यावी लागते. महाराष्ट्रात फ्लूची मोठी लाट पावसाळ्यात येते आणि थंडीच्या अखेरीस दुसरी येते, त्यामुळे ती मृगाआधी, एप्रिल-मे महिन्यांत घेणे उत्तम. स्वाइन फ्लूने देशातील पहिला मृत्यू ऑगस्ट 2009 मध्ये पुण्यात झाला होता, तेही भर पावसाळ्यातच. अनेक देशांतील केंद्रांनी पाच वर्षे केलेल्या एका अभ्यासात फ्लू झालेल्या प्रत्यारोपित रुग्णांपैकी ज्यांनी त्या वर्षीची लस घेतली होती, त्यांच्यात न्यूमोनियाचे आणि अतिदक्षता विभागात जावे लागण्याचे प्रमाण कमी आढळले. लस घेऊनही फ्लू झाला म्हणून ती वाया गेली असे समजणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे.

जिवंत विषाणू असलेल्या लसींचा विचार मात्र घाईनेच करावा लागेल, कारण प्रत्यारोपणानंतर त्या घेता येत नाहीत. आपल्याला लहानपणी कांजिण्या आणि गोवर येऊन गेले असतील तर प्रश्न मिटला. खात्री नसेल तर रक्ताची तपासणी करून घ्यावी. लस आवश्यक ठरली, तर तिच्यानंतर प्रत्यारोपणापर्यंत किमान चार आठवडे जायला हवेत. जिवंत नातेवाइकाकडून किडनी मिळणार असेल तर शस्त्रक्रियेची तारीख आधी ठरते आणि हे गणित सोपे होते. आपल्याला बोलावणे केव्हाही येऊ शकते, त्यामुळे जिवंत लस घेण्याचे ठरल्यास आपल्या रुग्णालयातील प्रत्यारोपण समन्वयकांना आधी सांगा, म्हणजे ते चार आठवडे यादीत आपले नाव तात्पुरते निष्क्रिय ठेवता येईल. किडनीच्या मूळ आजारासाठी आपल्याला स्टिरॉइड किंवा तत्सम औषधे चालू असतील, तर ही लस आताही वर्ज्य आहे.

जिवंत विषाणू नसलेल्या, राहिलेल्या लसी प्रत्यारोपणानंतर साधारण तीन ते सहा महिन्यांनी सुरू करतात. सुरुवातीच्या जबर मात्रेच्या औषधांमुळे त्याआधी त्या फारशा लागू पडत नाहीत. फ्लूची लस तेवढी साथ असेल तर महिन्याभरानंतरही देतात.

प्रश्न : मला तीन वर्षांपूर्वी किडनी बसवली. सून बाळंतपणाहून परत आली आहे. नातू अडीच महिन्यांचा आहे. बाळाला जिवंत लसी देतात आणि त्यांचा मला धोका आहे असे कोणी सांगितले, तेव्हापासून सून बाळाचे लसीकरणच पुढे ढकलते आहे. मला ते बरे वाटत नाही. (वाचक, नाशिक)

उत्तर : आपल्याला बरे वाटत नाही ते योग्यच आहे. बाळाचे लसीकरण थांबवू नका. लस न मिळालेले बाळ गोवर किंवा डांग्या खोकला घरी आणू शकते, आणि तो धोका लसीतील क्षीण विषाणूपेक्षा कितीतरी मोठा आहे.

काळजी घ्यायची ती दोन तोंडावाटे दिल्या जाणाऱ्या लसींबाबत. पोलिओच्या थेंबांतील जिवंत विषाणू बाळाच्या विष्ठेतून कित्येक आठवडे बाहेर पडतो, म्हणून ज्या घरात प्रत्यारोपित रुग्ण आहे तेथे बाळाला पोलिओची इंजेक्शनची लस देणे अधिक चांगले. बालरोगतज्ज्ञांना घरातील परिस्थिती सांगितली की ते तशी योजना करतात. थेंब देऊन झाले असतील, किंवा पोलिओ रविवारी दिले गेले, तरी घाबरून जायचे कारण नाही. त्यानंतर महिना-दीड महिना बाळाचे लंगोट बदलणे, शी धुणे ही कामे आपण करू नयेत, आणि ती करणाऱ्यांनी दर वेळी साबणाने हात धुवावेत. रोटाव्हायरसची लस द्यावीच, आणि तिच्यानंतरही साधारण महिनाभर हीच काळजी घ्यावी. बाळाला मांडीवर घेणे, अंगाई म्हणून झोपवणे यावर कोणतेही बंधन नाही.

बीसीजीचा, किंवा पुढे दिल्या जाणाऱ्या गोवर-रुबेलाच्या लसीचा आपल्याला संसर्ग होत नाही. कांजिण्यांची लस दिल्यानंतर क्वचित बाळाच्या अंगावर पुरळ उठते; तसे झाले तर ते सुकेपर्यंत दूर राहावे. नाकात फवारायची फ्लूची लस घरातील कोणीही घेऊ नये, टोचायची घ्यावी. आणि खऱ्या कांजिण्या आलेल्या मुलाशी आपला संपर्क आला, तर पुरळ उठण्याची वाट न पाहता त्याच दिवशी डॉक्टरांना कळवावे, कारण त्यावरील प्रतिबंधक उपचार पहिल्या काही दिवसांतच उपयोगी पडतो.

प्रश्न : माझे यकृत प्रत्यारोपण चार वर्षांपूर्वी झाले. शेजारच्या एका रुग्णाला नागीण झाली आणि त्याचे फार हाल झाले. नागिणीची लस मला चालेल का? लसीने प्रतिकारशक्ती जागी होते म्हणतात. मग ती यकृतावर तर उलटणार नाही ना? (वाचक, मडगाव)

उत्तर : नागिणीच्या दोन लसी प्रचारात होत्या. त्यांतील जुनी जिवंत विषाणूची होती आणि प्रत्यारोपित रुग्णांना ती वर्ज्यच होती. शिंग्रिक्स ही नवी लस विषाणूच्या एका प्रथिनापासून बनवलेली आहे, तिच्यात जिवंत विषाणू नाही, आणि ती आपल्याला चालते. भारतात ती 2023 मध्ये आली, 50 वर्षांवरील व्यक्तींसाठी. अमेरिकेत प्रतिकारशक्ती कमी असलेल्या 18 वर्षांवरील सर्वांना तिची परवानगी आहे. आपले वय 50 पेक्षा कमी असेल तर निर्णय आपल्या तज्ज्ञांवर सोडावा. दोन डोस लागतात. ते एरवी दोन ते सहा महिन्यांच्या अंतराने देतात, पण प्रतिकारशक्ती दबलेल्यांना एक-दोन महिन्यांच्या अंतरानेही देता येतात. लस महाग आहे, पण नागिणीनंतर महिनोन्‌महिने राहणाऱ्या मज्जातंतूंच्या वेदना ज्यांनी जवळून पाहिल्या आहेत, ते हा खर्च अनाठायी म्हणणार नाहीत.

आपली दुसरी शंका फार जुनी आहे आणि तिच्यामुळे अनेक रुग्ण लसींपासून दूर राहिले. ती विचारात घेऊनच संशोधकांनी या लसीची 264 किडनी प्रत्यारोपित रुग्णांवर चाचणी घेतली. दुसऱ्या डोसनंतर महिन्याने लस घेतलेल्या सुमारे 80 टक्के रुग्णांमध्ये चांगला प्रतिसाद होता, आणि त्यांच्यात रिजेक्शनचे प्रमाण तुलनेसाठी लसीविना नुसते इंजेक्शन टोचलेल्यांपेक्षा जास्त नव्हते. फ्लूच्या लसीचा तर कित्येक वर्षांचा अनुभव आहे, आणि तोही हेच सांगतो. उलट खुद्द संसर्गानंतर रिजेक्शन होऊ शकते. फक्त नुकतेच रिजेक्शन होऊन त्याचे उपचार चालू असतील, तर प्रकृती स्थिरावेपर्यंत लस पुढे ढकलावी. या लसीनंतर दंड दुखतो आणि एक-दोन दिवस ताप, अंगदुखी येते. त्यासाठी पॅरासिटॅमॉल घ्यावे. आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅकसारखी वेदनाशामके आपल्या औषधांबरोबर मूत्रपिंडांना घातक ठरतात.

प्रश्न : भावाला सहा वर्षांपूर्वी किडनी बसवली आहे. परवा गल्लीतील कुत्र्याने पोटरीला दात लावले; रक्त आले नाही, नुसता ओरखडा आहे. सरकारी दवाखान्यात लस सुरू केली. आणखी काही करायला हवे का? (वाचक, परभणी)

उत्तर : होय, आणि हे पत्र छापून येण्याची वाट न पाहता तसे आपल्याला कळवलेही आहे. रेबीजची लक्षणे दिसू लागल्यावर रुग्ण जवळजवळ कधीच वाचत नाही, त्यामुळे येथे अर्धवट प्रतिसादावर भागवता येत नाही. निरोगी माणसाला रक्त न आलेल्या ओरखड्यासाठी केवळ लस पुरते. प्रतिकारशक्ती दबलेल्या रुग्णाला तेवढ्याच जखमेसाठी लसीबरोबर रेबीज इम्युनोग्लोब्युलिनही द्यावे लागते, म्हणजे लसीचा प्रतिसाद येण्याची वाट न पाहता तयार प्रतिपिंडे जखमेतच पोहोचतात. लसही सरकारी केंद्रांत सहसा त्वचेत देतात. अशा रुग्णाला ती दंडाच्या स्नायूत, पाच डोसांत देणे योग्य: पहिल्या दिवशी आणि त्यानंतर 3, 7, 14 आणि 28 व्या दिवशी. पूर्वी कधी कुत्रा चावल्यावर लस घेतलेली असली, तरी पूर्ण उपचार नव्याने करावेत. शेवटच्या डोसनंतर दोन-चार आठवड्यांनी रेबीजविरोधी प्रतिपिंडांची तपासणी करता आली तर करावी, 0.5 किंवा त्याहून अधिक आकडा अपेक्षित असतो.

दवाखान्यातील डॉक्टर हे सगळे जाणतात, पण किडनी बसवलेली आहे हे त्यांना कोणी सांगितले तरच. रांगेत उभ्या असलेल्या, धडधाकट दिसणाऱ्या माणसाकडे पाहून ते कळत नाही. भावाच्या औषधांची यादी खिशात ठेवा आणि केसपेपर काढतानाच ती दाखवा. ज्यांच्यावर असा प्रसंग पुढे येईल, त्यांनी सर्वप्रथम जखम वाहत्या नळाखाली साबण लावून घड्याळ पाहून पंधरा मिनिटे धुवावी. हळद, चुना, मिरची काहीही लावू नये.

प्रश्न : मुलगा नैरोबीत नोकरीला आहे. मला आणि पत्नीला दोन महिन्यांसाठी बोलावतो आहे. माझे 2020 मध्ये किडनी प्रत्यारोपण झाले आहे. पीतज्वराची (यलो फीव्हर) लस घेतल्याशिवाय जाता येणार नाही असे प्रवासी कंपनीने सांगितले. (वाचक, पुणे)

उत्तर : पीतज्वराची लस जिवंत विषाणूची आहे आणि ती आपण घेऊ नये. पत्नीला अन्य अडचण नसेल तर त्या घेऊ शकतात. त्यांच्यापासून आपल्याला धोका नाही. आंतरराष्ट्रीय आरोग्य नियमांनुसार वैद्यकीय कारणासाठी लसीतून सूट देणारे प्रमाणपत्र मिळते, आणि ते अधिकृत पीतज्वर लसीकरण केंद्रातून घ्यावे. परंतु अशी सूट कागदोपत्री अडचण दूर करते, डासापासून वाचवत नाही, आणि परतताना भारतातील विमानतळावर लस न घेतलेल्या प्रवाशाला सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवण्याचा अधिकार अधिकाऱ्यांना आहे. ते दिवस आणि त्यांना पुरतील एवढ्या गोळ्या हिशेबात धरूनच तिकीट काढावे.

मुक्काम नैरोबी शहरापुरता असेल तर पीतज्वराचा धोका कमी मानला जातो. पश्चिम केनियातील जंगलसफारीचा बेत असेल तर तो आपण रद्द करावा, मुलाला वाईट वाटले तरी. निघण्यापूर्वी किमान महिनाभर आधी कावीळ अ आणि विषमज्वर यांच्या लसी घ्याव्यात, मात्र दोन्ही टोचायच्या आणि निष्क्रिय प्रकारच्या, कारण आपल्याकडे कावीळ अ ची जिवंत लसही मिळते आणि ती चुकून दिली जाऊ शकते. दुकानातून आणलेल्या कुपीच्या खोक्यावर ‘लाइव्ह’ हा शब्द आहे का, ते टोचून घेण्यापूर्वी स्वतः वाचा. मलेरियाची प्रतिबंधक गोळी लागेल असे ठरले, तर ती टॅक्रोलिमसबरोबर चालते का हे किडनीतज्ज्ञांना विचारूनच सुरू करा.